पोफळीचा साकव आणि मुळांचा पूल

चेरापुंजीजवळच्या तिर्ना गावातून नोंग्रियाटला उतरताना पायऱ्या मोजायचं ठरवलं होतं. पाचशेच्या आसपास नाद सोडला. तीन हजारांहून जास्त आहेत म्हणतात, आणि माझ्या गुडघ्यांना ते मान्य आहे. वाटेत तारांचे झुलते पूल लागतात. पाऊल टाकलं की करकरतात. मग उमशियांग नदीवरचा तो दुमजली पूल, झाडाच्या जिवंत मुळांचा.

जवळ जाऊन पान पाहिलं आणि हसूच आलं. हा तर आमच्या गॅलरीतल्या कुंडीतला रबर प्लांट! वडा-उंबराचा भाऊबंद. इथले खासी लोक त्याची कोवळी हवाई मुळं बांबूच्या किंवा पोफळीच्या खोडाच्या आधाराने पलीकडच्या काठावर नेऊन मातीत रुजवतात. माणूस निर्धास्त चालू शकेल असा पूल व्हायला 15 ते 30 वर्षं लागतात. म्हणजे लावणाऱ्याने नातवंडांसाठीच लावायचा.

आमच्या कोकणातही ओढ्यावर पोफळी टाकून साकव घालतात. कुजला किंवा पुरात गेला की पुन्हा नवा. इथे पोफळ नुसती आधाराला. ती कुजून जाईस्तोवर मुळं जाडजूड झालेली असतात. वर्षाला 11,000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तिथे बांबू कुजतो, लोखंड गंजतं. हे झाड त्याच पावसावर पोसतं.

मी पुलावर चक्क उकिडवा बसलो. दोन मुळं जिथे एकमेकांवर आली होती तिथे ती जुळून एकच झाली होती, साल सलग. मधल्या फटींत चपटे दगड आणि माती बसवलेली. कठडाही मुळांचाच, हात लागून लागून गुळगुळीत झालेला.

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मावशी पाठीवर टोपली घेऊन आल्या. मोडक्या हिंदीत विचारलं, पूल किती जुना?

“खालचा की वरचा?”

पुराचं पाणी खालच्यावर चढायला लागलं म्हणून वरचा केला, असं त्यांनी सांगितलं. बोलता बोलता पेन्सिलीएवढं एक नवं मूळ लोंबत होतं ते त्यांनी कठड्याला दोन वेढे देऊन खोचलं. मीही एक तसंच खोचलं. त्यांनी ते सोडवलं, उलट्या बाजूने फिरवून पुन्हा बसवलं आणि चालू पडल्या.