तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रॅक्युलाला परवानगी कशाला लागते?

कॉलेजात इंग्रजी शिकवत होते तेव्हा दर वर्षी वर्गातलं कुणीतरी हे विचारायचंच. आता निवृत्त झाले तरी ओळखीचे लोक विचारतात: "वटवाघूळ होतो, धुकं होतो, लांडग्यांना हुकूम सोडतो, मग कुणी 'या' म्हटल्याशिवाय घरात का शिरता येत नाही त्याला? अडवतं कोण, देव की निसर्ग?"

हा ड्रॅक्युला म्हणजे ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या इंग्रजी कादंबरीतला रक्त पिणारा पिशाच काउंट. आणि सरळ उत्तर स्टोकरकडेही नाही. अठराव्या प्रकरणात त्याच्या मागावर असलेल्या मंडळींचा म्होरक्या, म्हातारा डॉक्टर व्हॅन हेल्सिंग, सगळ्यांना बसवून यादीच सांगतो. पहिल्यांदा घरातल्या कुणीतरी बोलवायला हवं. दिवस उजाडला की शक्ती संपली. वाहतं पाणी ओलांडायचं तर भरती-ओहोटीची नेमकी वेळ गाठावी लागते. लसूण चालत नाही, क्रूस चालत नाही. लसूण आणि क्रूस एकाच दमात! हा प्राणी निसर्गातला नाही, तरी निसर्गाचे काही नियम त्याला पाळावे लागतात, का ते ठाऊक नाही, असंही म्हातारा तिथेच कबूल करून टाकतो. गलबतावर वल्हं मारणाऱ्या गुलामापेक्षाही हा जास्त कैदी, म्हणतो.

(उन्हानं जळून मरणं या यादीत नाही. ते १९२२ च्या जर्मन मूकपटातून आलं. स्टोकरचा काउंट लंडनच्या रस्त्यावर भरदिवसा दिसतो.)

आपल्या हिरण्यकश्यपूला वर मिळाला होता, आणि देवानं त्यात फट शोधली. इथे उलटं आहे. फटी शोधतो तो ड्रॅक्युला, आणि त्या बुजवायला माणसं धावतात. अगदी शब्दशः. ड्रॅक्युलाची बळी लूसी मेल्यावर पिशाच होऊन हिंडते, आणि सुरीचं पातं जेमतेम जाईल एवढ्या फटीतून सदेह थडग्यात शिरते. ती शिरण्याआधी व्हॅन हेल्सिंगनं काय केलेलं असतं? ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरीच्या, चकत्यांचा चुरा करून तो पिठासारख्या गोळ्यात मळलेला असतो, आणि त्याच्या वळ्या करून दाराच्या फटींत भरलेल्या असतात. बिर्याणीच्या पातेल्याला आपण कणीक लावतो ना, तसंच. तिला आत घ्यायचं ठरतं तेव्हा तो थोडी कणीक काढतो. वर्गात हे वाचताना मला दर वेळी हसू यायचं आणि लगेच अंगावर काटा. देवाचा कायदा इथे लांबी भरल्यासारखा हातानं भरावा लागतो. जिथे भरायचा राहिला तिथून ती येणार. म्हणून 'देव की निसर्ग' या प्रश्नात मला तिसरा वाटेकरी दिसतो: दार उघडणारा माणूस. वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण रेनफील्ड ड्रॅक्युलाला आत घेतो, तेव्हा कुठे तो तिथे उतरलेल्या मिनापर्यंत, हार्करच्या बायकोपर्यंत, पोचतो.

याच प्रश्नावर जास्त धीट बोललेली पिशाचीण पंचवीस वर्षं आधीची आहे: शेरिडन ल फानूची कार्मिला, १८७२. गावात साथ आलीय, मुली मरताहेत. कार्मिला जिच्या घरी पाहुणी आहे त्या मुलीचे वडील म्हणतात, आपण देवाच्या हाती आहोत, तोच निर्माता. कार्मिला उसळते: निर्माता कसला, निसर्ग! हा रोगही निसर्गाचाच. आकाशात, पृथ्वीवर, पृथ्वीखाली जे आहे ते निसर्ग सांगेल तसंच वागतं. म्हणजे मीही. ड्रॅक्युलाला हा युक्तिवाद कधी सुचला नाही.

आणि शेवट बघा. एवढी यादी झाली, पण पिशाच मारायची ठरलेली रीत म्हणजे छातीत खुंटी ठोकणं, आणि ड्रॅक्युलाच्या छातीत ती ठोकलीच जात नाही. सूर्य बुडता बुडता मिनाचा नवरा हार्करची कुकरी गळ्यावर आणि त्याचा साथीदार मॉरिसचा सुरा काळजात, की ड्रॅक्युलाची माती. "मॅडम, मग तो नियमानं मेला का?" असं एका मुलीनं विचारलं होतं. मी तिला पुढचं पान उलटायला सांगितलं. ख्रिस्तप्रसादानं मिनाच्या कपाळावर उठलेला भाजल्याचा डाग तिथे गेलेला असतो.