बडीशेपेची वाटी

मे महिन्यातला रविवार म्हणजे आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. गोव्यातल्या म्हार्दोळ-मंगेशीच्या बाजूचं आमचं रेस्टॉरंट, त्यामुळे कुलदेवतेच्या दर्शनाला आलेली मुंबई-ठाण्याची कुटुंबं दुपारी एकच्या ठोक्याला एकदम उतरतात. मी मूळचा बांद्याचा, इथे कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख. इतक्या वर्षांत एक शिकलोय, बाळ घेऊन आलेल्या टेबलावर आई हमखास शेवटी जेवते आणि गार जेवते.

त्या दिवशी सात नंबरवर आजी-आजोबा, आत्या, आई-बाबा आणि नऊ महिन्यांची मुलगी. म्हाळसेचं दर्शन झालेलं, म्हणून शाकाहारी थाळ्या. मासे उद्या, असं आजोबांनी न विचारताच सांगितलं. मी बेबी चेअर भिंतीकडे लावली, जाता-येता गरम वाट्या तिच्या डोक्यावरून जाऊ नयेत म्हणून. आत ओरडलो, "भुरग्याखातीर पेज जाय!" उकड्या तांदळाची पेज, मीठ न घालता, वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ-साखर देत नाहीत, हे आमच्या आचाऱ्यालाही पाठ झालंय. आजी खतखत्यातला, म्हणजे मिश्र भाज्यांच्या रश्श्यातला, भोपळा कुस्करून भरवायला निघाल्या, तेव्हा म्हटलं, "आजी, तेफळं काढून टाका हं." वहिनींची, म्हणजे बाळाच्या आईची, थाळी मात्र मुद्दाम थांबवून ठेवली. बाकीच्यांचं उरकत आल्यावर, मुलगी आजीच्या मांडीवर गेल्यावर टम्म फुगलेल्या पुऱ्या त्यांच्यासमोर ठेवल्या. त्या हसल्या. मलाही बरं वाटलं, उगाच कशाला लपवू.

तेवढ्यात आजोबांनी बिल मागितलं. बिलाबरोबर बडीशेप आणि खडीसाखरेची वाटी ठेवायची आमची पद्धत. हात सवयीने चालतात. वाटी आजीसमोर, म्हणजे मुलीच्या हाताशी ठेवून मी वळलो.

मागे काहीच आवाज नव्हता, म्हणूनच वळून पाहिलं असावं. मुलीचं तोंड उघडं, डोळे मोठे, रडणं नाही, खोकला नाही. ओठांचा रंग बदलत होता. बाळ खोकत असलं तर त्याला खोकू द्यायचं. आवाजच बंद झाला, की थांबायचं नाही. मालकांनी मागे प्रथमोपचाराचं शिबिर ठेवलं होतं, तिथे बाहुलीवर हे केलं होतं आणि आम्ही सगळे हसलो होतो. आजी तोंडात बोट घालायला निघाल्या, मी "नको!" म्हणून ओरडलो. न दिसता बोट घातलं तर अडकलेलं आणखी आत जातं. बाबांना म्हटलं, "१०८ लावा." मुलीला हातावर पालथी घेतली, डोकं खाली, जबडा बोटांत, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळव्याच्या मनगटाकडच्या बाजूने थापा. पाच द्यायच्या असतात. नाहीच निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबायचं. एवढ्या लहान बाळाचं पोट कधीच दाबायचं नाही. तिसऱ्या थापेला खडीसाखरेचा खडा माझ्या बुटावर पडला. मग ती जी रडली! सगळं हॉल ऐकत होतं.

"मी लक्ष द्यायला हवं होतं," आजी. "मी," बाबा. मी म्हटलं, "वाटी मी ठेवली." कोणी काही बोललं नाही. ॲम्ब्युलन्स आली, फोंड्याला नेऊन तपासून घेऊ असं ठरलं, आणि निघताना आजोबा बिलाचे पैसे मोजायला लागले. मालकांनी घेतले नाहीत.

आता वाटी काउंटरवर असते. गिऱ्हाईक मागतं, कधी कुरकुरतंही.

टेबल आवरायला मीच गेलो. वहिनींच्या ताटात दीड पुरी आणि जवळजवळ सगळं खतखतं तसंच होतं, गार.