आमची वाटचाल : सूर सगळे विचारतात, कोपरा कोणी विचारत नाही

पेटी, म्हणजे हार्मोनियम, घ्यायला आलेला माणूस पहिलं विचारतो, सूर (आवाज देणाऱ्या पितळी जिभल्या) कुठले? पालिताण्याचे की जुने जर्मन? मग कप्लर (एका पट्टीबरोबर तिच्या सप्तकातली जोडपट्टी वाजवणारी जोडणी) आहे का, स्केलचेंजर (सगळ्या पट्ट्या सरकवून स्वर बदलण्याची सोय) करून मिळेल का, पॉलिश कुठल्या रंगाचं. खोक्याचा कोपरा कसा जोडलाय हे विचारणारी गिऱ्हाइकं आजवर चार-पाचच आली, आणि त्यातला एक स्वतःच सुतार होता. म्हणून ही वाटचाल कोपऱ्यापासूनच सांगतो. आमचा कारखाना बुडायला आला तो कोपऱ्यामुळे आणि वर आला तोही कोपऱ्यामुळेच.

पेटीच्या खोक्याच्या भिंती त्याच हवेच्या कोठीच्या भिंती. वर सूरपट्टी, म्हणजे सूर बसवलेली फळी, खाली मधली फळी, तिच्या खाली स्प्रिंगवर बसलेला पोटातला भाता. सूरपट्टी आणि मधली फळी यांच्यामध्ये जी हवा दाबून राहते ती चार फळ्या आणि चार कोपरे धरून ठेवतात. पायपेटीचं खोकं एका जागी उभं असायचं, त्याला फारसे हाल नव्हते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हाताच्या भात्याची पेटी घडवली, पेटी मांडीपुढे आली, मग टेम्पोत आणि एसटीच्या टपावर गेली. हादरे, ऊन, दव हे सगळं तेव्हापासून कोपऱ्यांच्या वाट्याला आलं.

आमच्या सुरुवातीच्या पेट्या सगळ्या मायटरच्या. ४५ अंशांत कापलेल्या दोन फळ्या, सागवानाची रेघ, म्हणजे लाकडाचे तंतू, कोपऱ्यावरून न तुटता वळते, पॉलिश झालं की सांधा शोधून सापडत नाही. दिसायला याच्यासारखा सांधा नाही, हे आजही मानतो. पण मायटरमध्ये दोन्ही बाजूंनी फळीचं आडवं डोकं, म्हणजे तंतूंची कापलेली टोकं, येतं. ते डोकं गोंद पिऊन टाकतं आणि सांध्यात उरतो कोरडा पापुद्रा. आधी पातळ गोंदाचा हात मारायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग दाट गोंद लावून आवळायचं. एवढं केलं तर निम्मं काम होतं. शिवाय आठ काप असतात. प्रत्येकात अर्धा अंश चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट येते, आणि ती शिकंज्याने (सांधा आवळायच्या पकडीने) ओढून मिटवली तर लाकूड ती कधी ना कधी उघडतंच. लाकूड सुकलं की मायटर आतून उघडतो, फुगलं की बाहेरून.

एका वर्षी कोकणातल्या भजनी मंडळांची एकदम ३६ पेट्यांची मागणी आली. कारखाना घाटावर, मिरजेच्या बाजूला. एप्रिलच्या उन्हात लाकूड खडखडीत सुकलेलं, मीटरवर ८ टक्के ओल. आम्हाला त्याचाच अभिमान. भिंती सागवानी, तळ सागवानी, मधली फळीही अखंड सागवानी, चारी बाजूंनी गोंदाने पक्की चिकटवलेली. मे महिन्यात माल पोचला. जूनमध्ये पाऊस लागला, आणि गणपतीच्या तोंडावर फोन सुरू झाले : भाता टिकत नाही, खर्ज उशिरा बोलतो, डबलबारीत (दोन बुवांच्या भजनी सामन्यात) दम लागतो. २९ पेट्या परत आल्या.

सगळ्यांनी, आम्हीसुद्धा, आधी दोष दिला तो भात्याच्या कापडाला आणि सूरपट्टीखालच्या चामड्याला. दोन्ही बदलून पाहिलं, फरक शून्य. भजनाच्या एका बुवांनी स्वतः पेटी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘सूर र्‍हवांदेत, वारो खंय जाता तो बघा.’ उदबत्ती लावून कोपऱ्याशी धरली. धुराची सरळ रेघ मधल्या फळीच्या उंचीवर आली आणि फुंकर मारल्यासारखी बाजूला वाकली. चारही कोपऱ्यांत, त्याच उंचीवर.

कारण हिशेबात सापडतं. मधली फळी ११ इंच रुंद, म्हणजे २८० मिलिमीटर. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सपाट चिरलेलं सागवान ओलीच्या दर टक्क्याला रुंदीच्या हजारात साधारण दोन भाग फुगतं. कोकणच्या पावसात ८ टक्क्यांचं लाकूड १५ टक्क्यांवर गेलं की ही फळी जवळजवळ चार मिलिमीटर फुगणार, म्हणजे एक सुताहून (इंचाच्या आठव्या भागाहून) जास्त. आखूड भिंतींची रेघ मात्र त्याच दिशेने लांबीत जाते, त्या जागच्या हलत नाहीत. मग फळी पुढची आणि मागची लांब भिंत बाहेर ढकलते, आणि मायटरमध्ये तिला अडवायला गोंदाशिवाय काहीच नसतं. उभी चिरलेली फळी असती तर फुगणं निम्म्यावर आलं असतं, पण दोन मिलिमीटरही मायटरला पुरेत.

दुरुस्ती अशी केली : मधली फळी काढून तिथे ९ मिलिमीटरचा चांगला मरीन प्लाय. कोपरे आवळून पुन्हा चिकटवले, मग प्रत्येक कोपऱ्यावर बाहेरून तिरक्या पाच खाचा, एक सूत रुंद, आणि त्यात शिसवी चकत्या. चकतीची रेघ सांध्याला आडवी गेली पाहिजे. सांध्याच्या बाजूने गेली तर चकती बिस्किटासारखी मोडते. २९ पेट्यांचं हे काम स्वतःच्या खर्चाने. त्या वर्षी बँडसॉ, म्हणजे पट्ट्याच्या करवतीचं यंत्र, विकावा लागला.

आणि प्लाय घातल्याचं बक्षीस काय? आमच्याच पेठेतले एक पेटीवाले आजही गिऱ्हाइकाला सांगतात, ‘त्यांच्या पेटीत प्लाय असतो, आमची शंभर टक्के सागवान.’ सांगू देत. त्यांचा कोपरा म्हणजे फळीला फळी भिडवून मारलेले चार खिळे आणि वर पितळी कोपरा. पितळ चमकतं, लोकांना मजबूत वाटतं. भाता मारताना प्रत्येक झटक्याला खिळा आपलं भोक केसाएवढं मोठं करतो, हे पितळेआड दिसत नाही. हवेच्या कोठीत मधली फळी अखंड लाकडाची घालणं हा आता आम्ही दोषच मानतो. आमच्या शिसवी चकत्यांची नक्कल मात्र त्यांनी केली. वरून चिकटवलेल्या काळ्या पट्ट्या, आत काही नाही.

त्यानंतर आलो डव्हटेलवर, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवणाऱ्या सांध्यावर. बोटांचा सांधा, म्हणजे सरळ दातांचा, मशीनवर झटपट होतो आणि गोंदाला जागाही भरपूर मिळते. पण प्रत्येक दाताची फट आतून थेट बाहेर जाते. ९ इंच उंचीत अशा पंधरा-सोळा फटी, आणि एकीत गोंद कमी पडला की हवेला दार. म्हणून आम्ही धरला अर्धा झाकलेला डव्हटेल.

शेपट्या कुठल्या फळीवर काढायच्या यात नवे लोक हमखास चुकतात. ओढ पडते ती लांब भिंतींना, बाहेरच्या दिशेने. म्हणून शेपट्या आखूड भिंतीवर आणि त्यांची घरं, म्हणजे त्या बसतात ते खळगे, लांब भिंतीत. उलटं केलंत तर सांधा दिसायला तसाच, पण ओढीला गोंदाशिवाय आधार नाही. फळी चार सुती. घर तीन सूत खोल, पुढे एक सुताचा ओठ शिल्लक. हा ओठच सांधा समोरून झाकतो आणि हवेची सरळ वाट बंद करतो. ९ इंचांत पाच शेपट्या, सागवानाला उतार सातास एक. उतार जास्त दिला तर शेपटीचा कान आवळतानाच तुटतो, कमी दिला तर पकड राहत नाही. वरच्या आणि खालच्या टोकाचा अर्धा दात दोन सुतांहून बारीक नको, नाहीतर मोगरीच्या ठोक्यालाच चिरतो.

मधल्या फळीची खाच आधी आखायची, डव्हटेल नंतर. खाच बरोबर एका शेपटीच्या पोटातून गेली पाहिजे. तसं झालं तर खाचेचं टोक लांब भिंतीच्या घरात लपतं. दोन शेपट्यांच्या मध्ये आली तर कोपऱ्यात चौकोनी बोगदा तयार होतो. मग त्यात भुसा आणि फेविकॉल कोंबत बसा.

आखणी पेन्सिलीने नको, सुरीने. शेपट्या कापून त्यावरूनच लांब भिंतीवर घरं उतरवायची, मापं दोनदा घ्यायची नाहीत. करवत रेघेच्या टाकाऊ बाजूला चालवायची. ओठामुळे करवत घरात तिरकीच जाते, उरलेलं सगळं पटाशीने काढायचं. बाजारात राउटरची (खाचा पाडणाऱ्या यंत्राची) जिग, म्हणजे तयार साचा, मिळते. तरुणांना सल्ला : पहिले पन्नास कोपरे हाताने करा, मग जिग घ्या. जिग कुठे खोटं बोलते हे त्याशिवाय कळत नाही.

सागवान तेलकट असतं. रंधा मारून दोन दिवस पडलेल्या फळीवर गोंद धरत नाही. सांधा त्याच दिवशी ताजा करायचा, थिनरच्या फडक्याने पुसायचा, वाळला की लगेच गोंद. आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे, फरक एक मिलिमीटरच्या आत. नुसत्या गुण्यावर (काटकोन तपासायच्या मापावर) भागत नाही. पावसाळ्यात शिकंजा २४ तासांआधी सोडायचा नाही. सरस की फेविकॉल, यावर आमच्याच कारखान्यात दोन तट आहेत. सरस गरम पाण्याने सुटतो, म्हणून दुरुस्तीला सोपा, पण कोकणच्या दमटपणात मऊ पडतो. फेविकॉल टिकतो, पण जुन्या फेविकॉलवर नवा धरत नाही, सगळा खरवडून काढावा लागतो. खोक्याला आम्ही फेविकॉल वापरतो, चामड्याला सरस.

हो, चामडं. प्रत्येक कोपऱ्यात आतून मेंढीच्या पातळ चामड्याची पाऊण इंच पट्टी उभी चिकटवतो. पेटीत हवेचा दाब नेहमी आतून बाहेर असतो, त्यामुळे हवाच ही पट्टी सांध्यावर दाबून धरते. अमेरिकेतल्या लुइझियानात कॅजन लोकांचं दहा बटणांचं अ‍ॅकॉर्डियन असतं, त्याला ही युक्ती चालायची नाही. तिथे भाता ढकलताना दाब आणि ओढताना शोष, दोन्हीवर सूर वाजतात, आणि ओढीला पट्टी सांध्यापासून उचलली जाईल. तिथे सांधा स्वतःच घट्ट हवा.

तपासणी साधी. सुरांकडे हवा सोडणाऱ्या सगळ्या खुंट्या बंद, भाता पूर्ण भरायचा, हात सोडायचा. ४५ सेकंदांच्या आत बसला तर खोकं परत सुताराकडे. खुंट्या उघडल्यावर वाजवायची पट्टी न दाबता सूर वाजत असेल तर दोष त्या पट्टीखालच्या गादीत, कोपऱ्याला हात लावू नका. आवाज न करता भाता खाली बसत असेल तरच उदबत्ती लावा : आधी चार कोपरे, मग सूरपट्टीची कड, भात्याच्या घड्या सगळ्यात शेवटी. दुकानात पेटी घ्यायला गेलात तर खिशात उदबत्ती ठेवा. दुकानदाराला आवडणार नाही.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पेट्या झाल्या, गेल्या. बुवांची पेटी त्या २९ मधलीच, शिसवी चकत्यांची. दर आषाढात ती घाट चढून येते. गेल्या वर्षी खर्जाचे दोन सूर बदलले. यंदा मागच्या भात्याचं कापड नवं घातलं, एक स्प्रिंग बदलली. कोपऱ्याशी उदबत्ती धरली, धूर सरळ वर गेला.