मुद्देमाल खोलीत अडकलेलं माझं स्प्लायसिंग मशीन

माझं मशीन चोरीला गेलं, चोर सापडला, मशीनही सापडलं. एवढं ऐकलं की लोक म्हणतात, नशीबवान आहेस बाबा. आहेच, बहुतेकांच्या हातून गेलेलं हत्यार पुन्हा दिसतही नाही. पण सापडलेलं मशीन पोलीस ठाण्यातल्या मुद्देमाल खोलीतून माझ्या हातात येईपर्यंत जो मनस्ताप झाला, तो चोरीच्या दिवसापेक्षा मोठा होता, आणि त्याबद्दल मला आधी कोणी एक शब्द सांगितला नव्हता. म्हणून लिहितोय.

मी ऑप्टिकल फायबर जोडायचं काम करतो, पुणे-चाकण-तळेगाव पट्ट्यात. कुठे जेसीबीने केबल तोडली, कुठे सोसायटीत नवीन लाइन टाकायची, कुठे कंपनीच्या प्लांटमध्ये रॅक बसवायचा. काचेचा तो तंतू १२५ मायक्रॉनचा, आणि त्यातला प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. दोन टोकं एका रेषेत आणून विजेच्या आर्कने (ठिणगीने) वितळवून अशी जोडायची की जोडावर ०.०५ डीबीच्या (प्रकाश किती घटला त्याचं माप) वर प्रकाश वाया जाता कामा नये. हे काम हाताने होत नाही, स्प्लायसिंग मशीन लागतं. जपानी मशीन लाखांच्या घरात जातं. माझं हप्त्यावर घेतलेलं होतं. ते नसेल तर मी साइटवर जाऊन नुसता उभा राहणार.

चोरी भर दुपारी झाली. मी आणि हेल्पर रस्त्याकडेच्या चेंबरमधून केबल ओढून घेत होतो, गाडी पलीकडे लावलेली. काच फोडून मशीनची पेटी, क्लीव्हर (फायबर सरळ कापायचं), स्ट्रिपर (त्यावरचं आवरण सोलायचं) आणि प्रकाश मोजायच्या पॉवर मीटरची बॅग नेली. मशीनचा अडॅप्टर तेवढा राहिला, कारण तो पुढे डॅशबोर्डखाली इन्व्हर्टरला लावलेला होता. हा अडॅप्टर लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्याच्यावरच फिरली.

तक्रारीचं थोडक्यात सांगतो. ठाणे अंमलदार म्हणाले, "गहाळ झाल्याची नोंद करून देतो, दाखला लगेच मिळेल." हे अजिबात घ्यायचं नाही. गहाळ म्हणजे तुमच्याकडून हरवलं, त्याचा कोणी तपास करत नाही आणि विमा कंपनीही तो कागद बाजूला सारते. फुटलेल्या काचेचे फोटो दाखवले, चोरी म्हणूनच फिर्याद घ्या म्हणून बसून राहिलो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली गुन्हा दाखल झाला. पाच हजारांच्या आतली चोरी साधारणपणे अदखलपात्र धरतात, म्हणून वस्तूंची किंमत बिलासकट सांगा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, तो आपला हक्क आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याची पद्धत सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या) कलम १७३ मध्ये लिहिलंय. आणि मशीनचा सिरीयल नंबर फिर्यादीतच टाकून घ्या, पुरवणी जबाबात नंतर टाकू म्हणाले तरी. माझ्या फिर्यादीत तो होता, आणि पुढे माझी बाजू त्याच एका ओळीवर टिकली.

मशीन सापडलं ते आमच्या लाइनीतल्या पोरांमुळे. चोरी झाली त्याच रात्री मी मशीनचा फोटो, नंबर आणि फिर्यादीची प्रत सगळ्या स्प्लायसरांच्या ग्रुपवर टाकली होती, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही पत्र दिलं होतं. एक दिवस खेडच्या बाजूच्या एका पोराचा फोन आला, "दादा, इथे एक जण याच मॉडेलचा अडॅप्टर शोधत फिरतोय. मशीन आहे म्हणतो, चार्जर नाही." ठाण्यात कळवलं. ठाण्यातल्या गुन्हे शोध पथकाच्या पोलिसांनी त्याला गाठलं, त्याने विकणाऱ्याचं नाव सांगितलं, आणि मशीन जप्त झालं. या कामात पोलिसांनी खरंच चपळाई दाखवली, ते मान्य केलंच पाहिजे. मला वाटलं, उद्या सही करून घेऊन जाऊ.

उद्या म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. जप्त झालेली वस्तू हा मुद्देमाल. तुमची असली तरी पोलीस ती हातात देत नाहीत, कोर्टाचा आदेश लागतो. वकील मॅडमनी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकला. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३. कोर्टात बरेच जण अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४५७ म्हणतात, गोंधळून जाऊ नका, १ जुलै २०२४ पासून या कलमाचा नंबर बदललाय. कोर्टाने तपासी अंमलदारांचा 'से' मागवला, म्हणजे हा माल अर्जदाराला द्यायला तुमची हरकत आहे का, ते लेखी सांगा.

आणि इथे गाडं रुतलं.

पहिल्या तारखेला से आला नाही. दुसऱ्या तारखेला कळलं की अंमलदार पालखीच्या बंदोबस्तावर आहेत. ठाण्यात गेलो की मुद्देमाल कारकून सांगायचे, "आमच्याकडे नुसती नोंद असते, साहेबांना विचारा." साहेब भेटले की म्हणायचे, "माल कारकुनाकडे आहे, मी काय करू?" मी दोघांनाही तोच अर्ज, तेच बिल दाखवायचो. शेवटी एकदाचा से आला आणि त्यात एक ओळ होती: बिलावरील क्रमांक मुद्देमालावर दिसून येत नाही, तरी योग्य तो आदेश व्हावा.

दिसणार कसा? घेणाऱ्याने की विकणाऱ्याने, मशीनच्या तळाचं स्टिकर खरवडून काढलं होतं. जप्तीच्या पंचनाम्यात लिहिलं होतं, "एक पिवळ्या-काळ्या रंगाचे इलेक्ट्रॉनिक मशीन, जुने वापरते, बंद स्थितीत." बस. ना कंपनीचं नाव, ना मॉडेल. बंद स्थितीत असणारच, त्याला चार्जरच नव्हता! मी सांगत राहिलो की साहेब, नंबर मशीनच्या आतसुद्धा असतो, चालू करून मेंटेनन्सच्या मेनूत गेलं की स्क्रीनवर येतो, अडॅप्टर माझ्याकडे आहे, दोन मिनिटांचं काम आहे. उत्तर एकच, "माल सीलबंद आहे. सील तोडता येणार नाही."

राग कशाचा येत होता, तेही सांगतो. ते लोखंडाचं पहार-फावडं नव्हतं. मशीनमध्ये फायबर बसवायच्या व्ही-ग्रूव्हमध्ये (बारीक खाचेत) धुळीचा एक कण बसला तरी जोड वाकडा येतो. आर्क देणाऱ्या इलेक्ट्रोडची टोकं सुईसारखी, त्यांना दमट हवा चालत नाही. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडली तर पुन्हा चार्ज धरत नाही. आणि पावसाळा सुरू झालेला. मुद्देमाल खोलीच्या दारातून मी एकदा आत पाहिलं. भिंतीला ओल, खाली दारूच्या कॅनच्या गोण्या, सायकली, कापडात गुंडाळलेल्या कोयत्यांवर चिठ्ठ्या, आणि सगळ्यात खालच्या फळीवर माझी पेटी, तिच्यावर कोणाचा तरी मिक्सर ठेवलेला. माझ्या पोटात गोळा आला. तिथे ड्यूटीवर असलेल्या एका महिला हवालदारांना मी हात जोडून सांगितलं की मॅडम, सील तोडू नका, फक्त वरच्या फळीवर ठेवा. त्यांनी लगेच उचलून ठेवली, पिशवीवर प्लास्टिकही घातलं. त्या ठाण्यात माझं म्हणणं कळलेली ती एकच व्यक्ती.

वकील मॅडमनी मग दुसरा अर्ज केला. माल द्या असा नाही, तर पंचांसमोर सील उघडून, अर्जदाराच्या अडॅप्टरवर मशीन चालू करून आतला क्रमांक तपासा आणि पूरक पंचनामा सादर करा, असा. कोणाचं असं अडलं असेल तर पहिल्याच अर्जात ही मागणी घालून टाका. सोबत त्यांनी सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल जोडला. त्यात स्पष्ट सांगितलंय की जप्त वस्तू ठाण्यात पडून कुजवायच्या नाहीत, पंचनामा, फोटो आणि बंधपत्र घेऊन त्या सोडवायच्या, आणि पंधरा दिवस ते फार तर महिना, यापुढे त्या ठाण्यात ठेवायच्या नाहीत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्येही, माल कोर्टासमोर आल्यावर १४ दिवसांत त्याचं वर्णन तयार करायचं आणि त्यापुढे ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा, अशी मुदत घातली आहे. कायदा आपल्या बाजूने आहे. पण तो कागदावर लावून दाखवावा लागतो. तोंडी सांगून ठाण्यात काडीही हलत नाही.

कोर्टाने आदेश दिला. ठाण्यातल्या टेबलावर पेटी आली, पंचांनी सील पाहिलं, एका पोलिसाने मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं. मी अडॅप्टर लावला. काही क्षण नुसता लाल दिवा, स्क्रीन काळी. माझे तळहात घामाने ओले झाले होते. मग कंपनीचं नाव उमटलं, मोटारींचा तो बारीक घरघर आवाज आला, आणि मी मेनूतून आत गेलो. सिरीयल नंबर बिलाप्रमाणे अक्षर न् अक्षर बरोबर. त्याखाली मशीनने आजवर किती आर्क दिले त्याचा एकूण आकडा. माझ्या शेवटच्या सर्व्हिस रिपोर्टवर तो छापलेला होता, त्यापेक्षा थोडा वाढलेला. मग मी साठवलेल्या जोडांची यादी उघडली. चोरीच्या सकाळी मी तळेगावला केलेले जोड तारीख, वेळ आणि डीबीसकट तिथे होते. तपासी अंमलदार वाकून बघत म्हणाले, "अरे, हे तर सगळं लिहून ठेवतं!" मी इतके दिवस दुसरं काय सांगत होतो?

त्यानंतर से सरळ आला, आदेश झाला. तरी ऐनवेळी एक कागद अडला: हप्ते चालू असल्यामुळे फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्र मागितलं गेलं. तुमचंही कर्ज असेल तर ते आधीच मिळवून ठेवा, कंपनीच्या शाखेत कोणाला असलं पत्र माहीतच नसतं. बंधपत्र दिलं, फोटो काढले, आदेशाची प्रमाणित नक्कल घेऊन मुद्देमाल रजिस्टरवर सही केली.

मधल्या काळात काय केलं, तर भाड्याचं मशीन. डीलरकडे रोजावर मिळतं, पण छोट्या कामांत मिळालेलं सगळं भाड्यात जातं, म्हणून मी फक्त मोठे जॉइंट घेतले आणि दोन-चार जोडांची कामं एका मित्राकडे वळवली. भाड्याच्या पावत्या सांभाळून ठेवल्यात, वकील मॅडम म्हणाल्या नुकसान दाखवायला लागतील. ओळखीच्या एका कंत्राटदाराचं ओटीडीआर (केबलमधला दोष कुठे आहे ते शोधायचं यंत्र) चोरीला गेलं होतं, त्याचा विमा होता. त्याला चोर सापडला नाही. तेव्हा विमा कंपनीने पोलिसांची 'अ समरी' मागितली, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही, असा कोर्टाने मान्य केलेला अहवाल. विमा असेल तर चोरीच्या दिवशीच कंपनीला लेखी कळवा आणि या समरीच्या मागे लागा. तपासात काय झालं हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, तेही लेखी मागा.

आणखी एक, मशीन नवं असतानाच मेनूतल्या नंबरच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, आणि स्टिकरवर भिस्त न ठेवता पेटीच्या आत, बॅटरीच्या खाचेत, कुठेतरी नाव कोरा. मी आता बारीक ग्राइंडरने तीन ठिकाणी कोरलंय, क्लीव्हरच्या तळालाही.

मशीन घरी आल्यावर लगेच दुरुस्तीला टाकू नका. बंधपत्रात अट असते की वस्तूचं स्वरूप बदलायचं नाही, विकायचं नाही आणि कोर्ट सांगेल तेव्हा हजर करायची. माझी बॅटरी मेली होती. वकील मॅडमना विचारून, कोर्टात तशी पुरसिस (लेखी निवेदन) देऊन मगच ती बदलली आणि जुनी चिठ्ठी लावून कपाटात ठेवली. सर्व्हिस सेंटरला इलेक्ट्रोड बदलले, व्ही-ग्रूव्ह साफ केले, आर्क कॅलिब्रेशन केलं. पहिला जोड ०.०२ डीबीवर आला तेव्हा सर्व्हिसच्या काउंटरवरच मला रडू आलं.

आरोपपत्र गेलंय, साक्षीला बोलावतील तेव्हा मशीन घेऊन जाणार. क्लीव्हर आणि पॉवर मीटर मात्र अजून मिळालेले नाहीत. जुना क्लीव्हर कोणी बिलाशिवाय, पेटीशिवाय विकायला आला, तर नंबर बघून घ्या आणि संशय आला तर जवळच्या ठाण्यात कळवा. माझ्यासाठी खेडच्या त्या पोराने तेवढंच केलं होतं.