सिंगल कॉइल, पांढरी पाच आणि माझी दुसरी गिटार

आमचा हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा सांगलीतला. गणेशोत्सव, नवरात्र, लग्नाआधीचे संगीताचे कार्यक्रम, कधी एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन. कीबोर्ड, बेस, ढोलकी, ऑक्टोपॅड, गायक-गायिका आणि गिटारवर मी. माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार हमबकर पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून तिची वीज करणारा भाग), गिब्सन कंपनीच्या लेस पॉलच्या घाटाची. घरी एकटीनं वाजवताना तिचा आवाज इतका भरदार की ऐकत राहावं. पण सगळे एकदम वाजायला लागले की ती हरवायची. आवाज वाढवला तर गायकाच्या अंगावर जायची, कमी केला तर नाहीशीच व्हायची. कीबोर्ड वाजवणारा मुलगा एकदा म्हणाला, "ताई, तुमची गिटार दिसते, ऐकू येत नाही." त्याचं म्हणणं खरं होतं. दोष ॲम्पचा नव्हता, वाजवण्याचाही नव्हता. जिथे कीबोर्डचा डावा हात, बेसचे वरचे सूर आणि पुरुष गायकाचा गळा आधीच गर्दी करून बसलेले, तिथेच माझीही गिटार बसत होती.

हमबकरमध्ये दोन कॉइल शेजारी-शेजारी असतात आणि बहुधा एकापुढे एक जोडलेल्या. त्यामुळे पिकअपचा इंडक्टन्स, म्हणजे वेगानं बदलणाऱ्या विजेला होणारा अडसर, वाढतो आणि पिकअप जिथे सर्वांत जोरात बोलतो ती जागा खालच्या सुरांकडे सरकते. शिवाय तो तारेचा रुंद पट्टा ऐकतो, म्हणून वरचे बारीक उपस्वर एकमेकांना खातात. सिंगल कॉइल तारेचा अरुंद तुकडा ऐकतो आणि त्याचा जोर वरच्या भागात असतो. तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं मिरज आमच्या शेजारी, त्यामुळे मला हे तंबोऱ्याच्या भाषेतच चटकन समजलं: हमबकर म्हणजे बंद जवारी (दबका झंकार), सिंगल कॉइल म्हणजे खुली (मोकळा झंकार). ठेक्याबरोबर 'चक-चक' अशी तोडून वाजवायची कॉर्ड गर्दीतूनही ऐकू यायची, तर मला खुली जवारी हवी होती.

दुसऱ्या गिटारचं बजेट तीस हजारांच्या आतलं. त्यात ॲम्प नाही, तो होता.

बघायला लागले तेव्हा पहिला सल्ला सगळीकडून एकच आला: मागे एक हमबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल असलेली गिटार घ्या. दुकानातला माणूसही मनापासून सांगत होता, "मॅडम, यात दोन्ही येतं." ज्याला एकच गिटार घ्यायची आहे त्याच्यासाठी हा सल्ला उत्तमच आहे. पण माझ्याकडे हमबकर होता. ज्या जागेसाठी मी दुसरं वाद्य घेत होते, नेमक्या त्याच जागी, म्हणजे ब्रिजजवळ (तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथे), पुन्हा हमबकर घेऊन काय करायचं? दुसऱ्या गिटारनं पहिलीचं थोडंथोडं काम करावं असं मला वाटत नव्हतं. पहिलीला जे अजिबात जमत नाही तेवढंच तिनं करावं, पण पुरतं करावं. हे एकदा मनाशी पक्कं झालं आणि निम्मी दुकानं आपोआप गळाली.

उरलेल्या घाटांपैकी गिब्सनचा पी-९० हा १९४६ सालचा पिकअप आहे सिंगल कॉइलच, पण आवाजाला जाड. माझ्या पहिल्या गिटारच्या फार जवळचा. तोही बाजूला ठेवला. राहिले लिओ फेंडर यांचे दोन घाट: १९५१ पासून टेलिकास्टर या नावानं विकली जाणारी आणि १९५४ सालची स्ट्रॅटोकास्टर. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कदाचित म्हणूनच ही वाद्यं इतकी दुरुस्तीयोग्य झाली असावीत. मान चार स्क्रूंनी बसवलेली, पिकअप काढता-घालता येणारे, सगळं उघडून बघता येणारं. आमच्यासारख्या गावात, जिथे गिटार दुरुस्त करणारा कारागीर शोधावा लागतो, तिथे या गोष्टीला मी फार महत्त्व दिलं.

आता हमविषयी, म्हणजे ॲम्पमधून येणाऱ्या अखंड घरघरीविषयी, कारण सिंगल कॉइलची खरी परीक्षा तिथे आहे. सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे चुंबकांभोवती घातलेले असतात. ती कॉइल गिटारची तार जशी ऐकते, तशी आसपासच्या विजेचीही थरथर ऐकते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी उलटसुलट वेढ्यांच्या दोन कॉइल जोडून हीच घरघर मारली. १९५७ पासून गिटारांवर आलेल्या त्या पिकअपचं हमबकर हे नाव त्यावरूनच पडलं. म्हणजे सिंगल कॉइल घेताना घरघर येणार हे गृहीत धरायचं आणि ती आपल्याला कुठे, किती नडते एवढंच बघायचं.

मला ती कुठे नडणार हे एका संध्याकाळी पेटी समोर घेतल्यावर कळलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ५० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ खर्जातला जी, आपली पांढरी पाच, तीही किंचित चढी. तिची दुप्पट, १०० हर्ट्झ, गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर येऊन बसते. आमचे मुख्य गायक काळी एकमध्ये गातात. काळी एकला पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम! शुद्ध मध्यमाचं संथ भावगीत सुरू असताना मॉनिटरमधून (मंचावर गायकाकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून) अखंड चढा तीव्र मध्यम ऐकू येत राहिला तर गाणाऱ्याचं काय होईल याचा विचार करा. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेला हाच आवाज षड्जाच्या आसपास, तेवढा बोचत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथली घरघर बी आणि बी फ्लॅटच्या मध्ये कुठेतरी पडते. त्यामुळे तिथल्या वादकांचं 'एवढं काही जाणवत नाही' हे मत ऐकून मी निर्णय घेणार नव्हते.

पुण्यातली दुकानं फिरले आणि मुंबईला धोबीतलावलाही जाऊन आले. १८६५ पासूनचं फर्टाडोज हे वाद्यांचं दुकान तिथलंच. गिटार आधी केबल न लावता वाजवायची हा माझा नियम होता. मानेला पाठीमागून हात लावायचा, लाकूड छातीशी धरून थरथर जाणवते का बघायचं. मानेच्या कडेवरून बोट फिरवायचं: पडद्यांची टोकं टोचत असतील तर लाकूड वाळून आक्रसलेलं आहे. प्रत्येक पडद्यावर एकेक सूर. मगच ॲम्प. आणि ॲम्पवर रिव्हर्ब (घुमारा) बंद, ड्राइव्ह (आवाज फाडणारा परिणाम) बंद, सगळे नॉब मध्यावर. दुकानात बहुतेक वेळा गोड रिव्हर्ब आधीच लावलेला असतो आणि त्यात कुठलीही गिटार छान वाटते. मी माझी स्वतःची केबल आणि नेहमीचं प्लेक्ट्रम (तारा छेडायची पातळ चकती) घेऊन जायचे. वाजवायचे तेही नेहमीचंच, आमच्या कार्यक्रमातल्या ठेक्यांच्या कॉर्ड. तिथे कौशल्य दाखवायला कुणी जाऊ नये. जे काम गिटारला करायचं आहे तेच तिच्याकडून करून घ्यावं.

स्ट्रॅटोकास्टर हातात घेतली की सोडवत नाही. अंगाला बसेल असा कोरलेला घाट, तीन पिकअप, पाच जागांचा स्विच. दोन पिकअप मिळून वाजतात त्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेचा पोकळ, पाणीदार आवाज तर आपल्या सिनेसंगीताला इतका शोभतो की मी तिथेच थांबणार होते. तिच्या विरोधात दोन गोष्टी गेल्या. मी जोरात ठेका धरते तेव्हा माझं प्लेक्ट्रम मधल्या पिकअपवर आपटतं. आणि तिचा तो हलणारा, स्प्रिंगांवर तरंगणारा ब्रिज. कार्यक्रमात एक तार तुटली की स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. आमच्या दोन गाण्यांमध्ये निवेदकाच्या चार वाक्यांपलीकडे वेळ नसतो. ब्रिज घट्ट बसवून टाकता येतो हे मला माहीत आहे, पण पहिल्याच दिवशी जे बंद करून टाकायचं ते घ्यावं कशाला?

टेलिकास्टरच्या घाटात ब्रिज पक्का, पिकअप दोनच, स्विचच्या जागा तीन. ब्रिजजवळचा पिकअप धातूच्या पत्र्यात बसवलेला असतो आणि त्याचा आवाज धारदार, कोरडा. पहिली कॉर्ड तोडून वाजवली तेव्हाच मला ऐकू आलं की ही कीबोर्डच्या वर बसेल.

मग घरघरीची चाचणी. ॲम्प जरा चढवायचा, तारांना हात न लावता ऐकायचं, मग हात लावायचा. तारा ब्रिजमार्फत अर्थला जोडलेल्या असतात, म्हणून हात लावल्यावर किरकिर कमी होणं हे ठीक. त्याखाली जी गंभीर घरघर उरते ती कॉइलची. गिटार घेऊन जागच्या जागी हळूहळू वळत जायचं. एका विशिष्ट कोनात ती बरीच ओसरते, आणि मंचावर हा कोन लक्षात ठेवण्यासारखा असतो. आता स्विच मधोमध आणायचा. दोन पिकअपपैकी एकाचे वेढे आणि चुंबक दोन्ही उलटे असतील तर मधल्या जागी घरघर जवळजवळ नाहीशी होते. मी पाहिलेल्या दोन गिटारींपैकी एक दिसायला जास्त देखणी होती, पिवळसर रंगाची, चकचकीत मानेची. तिच्यात मधल्या जागीही घरघर तशीच होती. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये असं असतं. दुसरीत ती एकदम थांबली. काळी एकचं संथ गाणं मला मधल्या जागेवर वाजवता येणार होतं. तिथेच निवड झाली. पॉपलरच्या लाकडाची, मेपलच्या मानेची, साधी काळी गिटार घेऊन मी सांगलीला आले.

चुंबक अल्निको या मिश्रधातूचेच हवेत, सिरॅमिक नकोत, असं पुष्कळ ऐकलं होतं. फरक असतो. पण त्याहून मोठा फरक पिकअपची उंची पाव-अर्धा मिलिमीटर वर-खाली केल्यानं पडतो, असं माझं कानानं झालेलं मत आहे. पिकअप तारांच्या फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर लटपटतो. स्क्रूड्रायव्हरनं तो थोडा खाली घेतला आणि आवाज मोकळा झाला.

घरी आल्यावर मात्र घरघर दुकानातल्यापेक्षा जास्त! वायरमनला बोलावलं. त्यानं मीटर लावला: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट नीट, फेज आणि अर्थमध्ये भलताच आकडा. सॉकेटला तिसरं भोक होतं, त्याच्यामागे वायरच पोचलेली नव्हती. अर्थिंगचा खड्डा नव्यानं केला, मीठ-कोळसा घातला, वायर आणून जोडली. किरकिर बरीच गेली. इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. घरघर कमी करायला ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाका असं कुणी सुचवलं तर ते कधीही करू नका. तुमचा हात तारांवर आणि तारा अर्थवर असतात. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर तीच पिन तुमचा जीव वाचवते. माइकला ओठ लागल्यावर झिणझिणी आली तर वाजवणं थांबवून आधी मंडपातलं अर्थिंग तपासायला लावा, गाणं थांबलं तरी चालेल.

गिटारच्या पोकळीत आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली. त्यानं दिव्यांच्या डिमरची किरकिर दबते, पण ५० हर्ट्झची चुंबकी घरघर तांब्याला जुमानत नाही. ती अपेक्षा ठेवून कुणी पट्टी लावू नये. त्यासाठी मधली जागा, तो कोन, आणि ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून चार पावलं लांब उभं राहणं हेच उपाय.

हाताला सवय व्हायला थोडा काळ गेला. पहिल्या गिटारच्या तारेचा वाजणारा भाग सुमारे ६२८ मिलिमीटरचा, हिचा ६४८. त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली तर ताण साधारण सहा टक्के वाढतो, आणि पहिला पडदा मिलिमीटरभर लांब जातो. कॉर्ड धरताना करंगळीला हे समजतं. मी तारा बारीक केल्या नाहीत, दहाचाच संच (सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची) ठेवला, कारण ठेक्याला तो ताण बरा वाटतो. सिंगल कॉइल उजव्या हाताचं सगळं ऐकवते: जरा आळसानं मारलेला वरचा फटका, दाबायची राहून गेलेली तार. रियाज मी आता याच गिटारवर करते.

पहिली गिटार विकणार का, असं विचारलं जातं. नाही. लांब ओढलेले सोलो आणि ड्राइव्ह लावून वाजवायची गाणी तिचीच आहेत. फक्त सिंगल कॉइलचा आवाज मुळातच हळू असल्यानं गिटार बदलली की मिक्सरवरची पातळीही बदलावी लागते. आमच्या साउंडवाल्यानं माझ्या चॅनलच्या गेन नॉबशेजारी स्केचपेननं दोन खुणा करून ठेवल्यात, आणि मी गाण्यांच्या यादीत प्रत्येक गाण्यापुढे 'एक' किंवा 'दोन' असं लिहून ती त्याला कार्यक्रमाआधी देते.