सिंहगडाची तयारी, बारावा आठवडा: चढ जमला, उतार शिकावा लागला

आतकरवाडीच्या वाटेने पुणे दरवाजा गाठायला या रविवारी मला ६८ मिनिटे लागली. पहिल्या रविवारी याच चढणीला ९१ मिनिटे लागली होती आणि त्यातली निदान पंधरा तरी दगडावर बसून धापा टाकण्यात गेली होती. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजलेली नाडी तेव्हा ७२ होती, ती आता ६५ वर आली आहे.

सरावाची तीव्रता मी नाडीवरूनच ठरवली. वय ४४, म्हणून २२० मधून ४४ वजा करून कमाल ठोके १७६ धरले. त्यातून ७२ वजा केल्यावर १०४ उरतात आणि त्यांच्या ६० ते ७० टक्क्यांत पुन्हा ७२ मिळवले की १३४ ते १४५ ही मर्यादा मिळते. हे गणित ढोबळ आहे, कारण एकाच वयाच्या दोन माणसांच्या कमाल ठोक्यांत दहाबाराचा फरक सहज असतो; त्यामुळे चढताना पूर्ण वाक्य बोलता येते का, ही कसोटीही मी सोबत ठेवली आणि खरे सांगायचे तर घड्याळापेक्षा तिच्यावरच माझा अधिक विश्वास बसला.

आठवड्यातून तीन दिवस आमच्या इमारतीचे सात मजले चढायचे, दर आठवड्याला एकच फेरी वाढवायची आणि चौथ्या आठवड्यात फेऱ्या निम्म्यावर आणायच्या, असा क्रम होता. गुडघे जपायचे म्हणून उतरताना मात्र मी लिफ्ट वापरत असे, आणि घोळ झाला तो इथेच.

पाचव्या रविवारी गड छान चढलो, वर मडक्यातले दही खाल्ले आणि जोशात भराभर उतरलो. सोमवारी मांड्या जड वाटल्या. मंगळवारी जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी आडवे पाऊल टाकत उतरावे लागले आणि खुर्चीत बसतानाही हातांचा आधार घ्यावा लागला. याला लॅक्टिक आम्ल कारण आहे असे व्यायामशाळेत अजूनही सांगितले जाते, पण व्यायामानंतर वाढलेले त्याचे प्रमाण तासाभरातच बहुतांशी पूर्ववत होते, तेव्हा मंगळवारच्या दुखण्याचा दोष त्याला देता येत नाही. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो, तर उतरताना शरीराचे वजन तोलून धरण्यासाठी तो लांबत असतानाच जोर लावतो. या दुसऱ्या प्रकारात तंतूंना सूक्ष्म इजा अधिक होते आणि वेदना चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान कळस गाठते. माझ्या मांड्यांना त्याची सवय लिफ्टने लागू दिलीच नव्हती.

सहाव्या आठवड्यापासून फेऱ्या चारवर आणून उतारही पायीच, सावकाश आणि टाच न आपटता करू लागलो. असा भार एकदा सोसला की पुढचे काही आठवडे तोच भार स्नायूंना कमी दुखवतो, याचा प्रत्यय आठव्या रविवारी आला: मंगळवारी किंचित ठणका, इतकेच.

पुढच्या चार आठवड्यांत वेळ कमी करण्याच्या मागे न लागता पाठीवर ३ किलोची पिशवी घेणार आहे. पिशवीत पाण्याच्या बाटल्या असतील, म्हणजे वर पोहोचल्यावर त्या रिकाम्या करून गुडघ्यांना उतारावर तेवढी सूट देता येईल.