तुम्ही विचारलंत म्हणून: चौदा ताटांचा आठवडा

प्रश्न दोन असतात, पण येतात एका दमात. रोज रात्री चौदा माणसांचं करता तरी काय, आणि अजून वेगळे का नाही झालात? नागपूरला बहिणीकडे गेले की तिच्या शेजारणी विचारतात, लग्नाच्या पंगतीत माहेरची माणसं विचारतात. पहिल्या प्रश्नात कौतुक असतं, दुसऱ्यात कीव. आजवर मी "होतं बाई कसंतरी" म्हणून पानावरून उठत आले. आता एकदाचं लिहूनच टाकते.

आधी पहिल्याचं. बहिणीने मला फ्रिजला चिकटवायला आठवड्याचा तक्ता करून दिला होता. सोमवारी मटार-पनीर, मंगळवारी राजमा, असा. मी तो सासूबाईंना वाचून दाखवला. त्या शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अन् सोमवारपर्यंत वालाच्या शेंगा निबर झाल्या तं?" तक्ता तिथंच निकालात निघाला. आमच्याकडे रात्री काय शिजणार हे मी ठरवत नाही. वावर ठरवतं, बाजार ठरवतो, आणि उरलंसुरलं विजेची लाइन ठरवते.

सध्या मार्गशीर्ष चालू आहे, तर याच आठवड्याचं सांगते. सोमवारी बांधावरच्या वालाच्या शेंगा निघाल्या, त्यात वांगी टाकली, सोबत ज्वारीची भाकर. मंगळवारी गावचा बाजार. पालेभाजी आणली की त्याच रात्री संपवावी लागते, म्हणून मंगळवारची डाळभाजी ठरलेली. वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. मिरची भिवापुरी, दुसरी सासूबाईंना चालत नाही. बुधवारी तुरीचे सोले. हे शहरात कोणाला सांगून पटत नाही: हिरव्या शेंगांची पाटी सोलायला तीन बायकांची दुपार जाते आणि दाणे निघतात ते गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाशी बसतील एवढे. ते भाजायचे, भरड वाटायचे, कांदा, लसूण, सांभार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांभारच म्हणतात) घालून पातळ आमटी करायची, तेव्हा कुठे सगळ्यांना पुरते. आख्ख्या दाण्यांची भाजी केली तर पहिल्या पंगतीतच खडखडाट.

गुरुवारी मोठ्या जाऊबाईंचा आणि माझा महालक्ष्मीचा उपास. दिवसभर उपाशीपोटी वरण-भात, भाजी, पोळ्या आणि खीर करायची, आणि नैवेद्य होईपर्यंत मीठसुद्धा चाखायचं नाही. खारट झालं तर देवीच्या नावावर.

शुक्रवारी चून, म्हणजे बेसनाचं घट्ट पिठलं. त्याचं कारण सांगते, कारण ते कोणालाच सुचत नाही. शेतीची थ्री-फेज लाइन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची असली की माणसं जेवून हरभऱ्याच्या ओलिताला निघतात, आणि रानडुकरांपायी एक जण जागलीला थांबतोच. त्याच्यासोबत पहाटेसाठी काहीतरी बांधून द्यावं लागतं. भात थंडीने गोठतो, रस्सा सांडतो, चून-भाकर मात्र फडक्यात बांधता येते. म्हणजे रात्रीची लाइन आली की आमच्याकडे बेसनाचा डबा उघडतो. वरून मिरचीचा भुरका आणि फोडलेला कांदा. लोक नागपूरहून येऊन या ताटाचे फोटो काढतात. काढू देत, पण आम्ही ते थकलेल्या दिवशी करतो.

शनिवारी गोळाभात, बेसनाचे गोळे घातलेला. रविवारी एरवी मटण, पण सासूबाईंनी मार्गशीर्षात ते उंबऱ्याआत येऊ दिलेलं नाही, म्हणून पाटवडी आणि तसाच झणझणीत रस्सा. झाला आठवडा.

हे सगळं गॅसवर होतं का, हा एक उपप्रश्न असतो. नाही. चौदा जणांच्या भाकरी गॅसवर केल्या तर १४.२ किलोचं सिलिंडर बघता बघता संपतं. गॅसवर चहा, दूध, फोडण्या. भाकरी चुलीवर, गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्यांवर, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्यांवर. पऱ्हाटी भसकन पेटते आणि तेवढीच लवकर विझते, म्हणून एकीने थापायचं तर दुसरीने जाळ सारत बसायचं. भाकरी माझ्याकडे आहेत, भाजी मोठ्या जाऊबाईंकडे, वाढणं धाकटीकडे. आधी पोरं आणि म्हातारी माणसं, मग पुरुष आणि सालदार, शेवटी आम्ही तिघी. यात मला उदात्त काही वाटत नाही, आणि "आमची परंपरा" म्हणून मी तुमच्यापुढे मिरवणारही नाही.

आता दुसरा प्रश्न. तुम्ही धरूनच चालता की आम्ही कधी वेगळे झालोच नाही. झालो होतो. आणि ते मागितलं होतं मी.

मामंजींनी वावराच्या वाटण्या करून दिल्या, सातबारे तिघा भावांच्या नावे झाले. मी नवऱ्याला म्हटलं, वावर वेगळं तर चूल एक कशाला? माझा हिशेब साफ होता. किराणा तिघांत सारखा, खाणारी तोंडं सारखी नाहीत. आणि रात्री नऊनंतर माझ्या ताटात यायचा तो वांग्याचा रस्सा. वांगं नसायचं. हे बोलायला लाज वाटते, कारण ऐकणारा म्हणतो, एका वांग्यासाठी? रोजच्या वांग्यासाठी, हो.

मागच्या खोलीत शेगडी मांडली. म्हाताऱ्यांची पाळी ठरली, एकेक महिना एकेकाकडे. पहिला महिना मोठ्या भासऱ्यांचा.

मामंजींना दात नाहीत. त्यांची भाकर लग्न होऊन आल्यापासून मीच करत होते. ती पातळ थापायची, कडक होऊ न देता उतरवायची, वरचा पापुद्रा सोडवून काढायचा, आतला मऊ भाग गरम वरणात कुस्करायचा आणि ते हातपाय धुऊन येईपर्यंत ताटलीने झाकून ठेवायचा. पापुद्रा पोरं तेल-मीठ लावून पळवतात. त्या पहिल्या रात्री मी हे सगळं केलं. सवयीने केलं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते.

ते आले आणि रोजच्यासारखे माझ्या दारासमोर पाटावर बसले. दारं दोन झालीत हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. वाटणीपत्रावर सही त्यांचीच होती. तरी बसले. सासूबाई पुढच्या दारातून आल्या आणि त्यांच्या दंडाला धरून म्हणाल्या, "उठा. आपली पाळी तिकडं हाये." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं. मामंजी काही न बोलता उठले, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. मुलगी विचारत होती, आबा कुठं चालले? नवरा खाली मान घालून भाकर मोडत होता. त्याचं आजही म्हणणं आहे की त्याला काही ऐकू आलं नाही.

कुस्करलेलं वाया का घालवायचं, म्हणून वाटीत भरून मुलीच्या हाती पाठवलं. थोड्या वेळाने वाटी परत आली. घासलेली, पुसलेली, आणि तिच्यात त्यांच्याकडची वांग्याची भाजी. तुम्ही म्हणाल, किती छान. पण शेजारणीची वाटी रिकामी पाठवू नये, अशी आमच्याकडे रीत आहे. घरातल्या घरात वाटी कोणी भरून परत करत नाही. आदल्या दिवसापर्यंत मी त्या घराची सून होते, आता शेजारीण झाले. भाजीत दोन आख्खी वांगी होती. मी ती खाल्ली. भाजी चांगली झाली होती, तेही लिहून टाकते.

यापुढे सुनेचे डोळे उघडले आणि चूल पुन्हा एक झाली, अशी गोष्ट तुम्हाला ऐकायची असते. तसं काही झालं नाही. माझी वेगळी चूल उत्तम चालली. मी गरम जेवायची, तेही बसून. मुलीचा अभ्यास घ्यायला वेळ मिळायचा. ते सुख खोटं होतं असं म्हणायला मी तयार नाही. पुढे कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत मोठ्या जाऊबाई तापाने पडल्या, धाकटी बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरात करणारी मी एकटी, म्हणून मोठ्या चुलीपुढे जाऊन बसले. त्या बऱ्या झाल्यावर मी मागच्या खोलीत परत जावं असं कोणी म्हटलं नाही. मीही विषय काढला नाही. कोणी कोणाची माफी मागितली नाही. पाळी कागदावर अजून आहे, आणि मामंजींची भाकर माझ्याकडे आहे.

तेव्हाची मी कधीकधी जाळ सारताना आजच्या मला विचारते, मग मिळवलंस काय? वांगं मिळतं का? मिळतं. धाकटीने वाढायला घेतल्यापासून ती भाजी उतरताच तीन वांगी वाटीत काढून फळीवर झाकून ठेवते. सासूबाईंना दिसतं, बोलत नाहीत. आणि किराण्याचं? तो तसाच वाकडा आहे. मग परत का गेलीस? इथं माझ्याकडे उत्तर नसतं. जाऊबाई आजारी होत्या हे खरं, पण त्या तर पंधरवड्यात उठून बसल्या होत्या. मामंजींसाठी, असं म्हटलं की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, म्हणून मी तसं म्हणत नाही. पुरतं खरं आहे का, तेही ठाऊक नाही. चौदा जणांचं करणं सोपं जातं, एवढं मात्र खरं. तीन माणसांत मला मिठाचा अंदाजच यायचा नाही.

मागच्या खोलीतल्या शेगडीवर आता अंघोळीचं पाणी तापतं. परवा धाकटी भांडी घासताना म्हणाली, "ताई, ते शेगडी मले देता का?" कशाला, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. सकाळी मी तिला म्हटलं, ने. संध्याकाळी म्हटलं, थांब, वेचणी होऊन जाऊ दे.